ऑनलाइन पदवी चालते. पण रोजचे चार तास घरात कोण देणार?

बारावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याच्या मोहल्ल्यांत, अचलपूर, बाळापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या घरांत एकच चर्चा सुरू होते: आता पुढे काय? अलीकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर मिळालं आहे. "ऑनलाइन करून घे." मुलगा अब्बूंच्या दुकानावर बसतो किंवा गॅरेजवर जातो, रोज कॉलेज जमत नाही. मुलीला अमरावतीला किंवा नागपूरला होस्टेलवर ठेवायची घरच्यांची तयारी नाही. मोबाइल आहे, नेट आहे, घरबसल्या पदवी होते, मग बरंच झालं की. विषय निवडताना बीए अर्थशास्त्राचं नावही पुढे येतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, आणि एमपीएससी, बँकेच्या परीक्षेला उपयोग होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या उत्तराच्या मागोमाग एक शंका येते: "पण ऑनलाइनची डिग्री चालते का?" या शंकेचं उत्तर कायद्याने देऊन टाकलेलं आहे, ते आम्ही खाली देत आहोत. आमच्या मते खरी अडचण वेगळीच आहे. पदवी कागदावर चालते. अभ्यास घरात चालतो का, याची चौकशी मात्र आपण करत नाही. प्रवेशाची फी भरली की आपलं काम संपलं असं घर समजतं, आणि तिथूनच पोरांचं शिक्षण मागे पडायला लागतं.

नियम काय सांगतो

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सप्टेंबर २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नवे नियम लागू केले. त्यातल्या २२ व्या नियमानुसार मान्यता असलेल्या संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी ही कॉलेजात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे. २ सप्टेंबर २०२२ ला आयोगाने सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केलं. त्यामुळे यूपीएससी, एमपीएससी, बँक भरती, पुढचं एमए किंवा नेट, यांपैकी कुठेही पदवी केवळ ऑनलाइन आहे म्हणून बाद होत नाही.

इथे दोन शब्दांची गल्लत होते. 'दूरस्थ' किंवा 'मुक्त' शिक्षणात पुस्तकं घरी मिळतात, जवळच्या कॉलेजात अभ्यास केंद्र असतं, संपर्क सत्रं होतात, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. 'ऑनलाइन' पदवीत व्याख्यानं, स्वाध्याय, चर्चा सगळं नेटवर असतं आणि परीक्षा देखरेखीखाली होते. दोन्हींचा दर्जा सारखाच. फरक एवढा की राज्यातलं विद्यापीठ दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या हद्दीतच चालवू शकतं. ऑनलाइनला हद्दीचं बंधन नाही.

यूजीसीने सगळेच विषय या पद्धतीने शिकवायला परवानगी दिलेली नाही. इंजिनीअरिंग, मेडिकल, फार्मसी, नर्सिंग, कायदा, शेती हे विषय ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने घेता येत नाहीत. मानसशास्त्रावरही २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंदी आली. अर्थशास्त्र मात्र या बंदीत नाही.

आणखी एक नियम आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करता येतात: एक कॉलेजात जाऊन आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन, किंवा दोन्ही घरून. म्हणजे गावातल्या कॉलेजात बीकॉम करणारी मुलगी सोबत अर्थशास्त्राची पदवीही करू शकते. मदरशात शिकणाऱ्या मुलाने राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी केली असेल तर त्यालाही पदवीचा दरवाजा उघडा आहे.

विद्यापीठं कोणती

वऱ्हाडातल्या मुलांसाठी पहिलं नाव नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं. १९८९ मध्ये ते स्थापन झालं. त्याचं विभागीय केंद्र अमरावतीत आहे आणि बीएला अर्थशास्त्र हा विषय मराठीतून घेता येतो. फी काही हजारांत भागते. दुसरं इग्नू, १९८५ पासूनचं. तिथे अर्थशास्त्रात ऑनर्स पदवी आणि एमए दोन्ही आहेत. साहित्य मुख्यतः इंग्रजी-हिंदीत. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ पासून आहे आणि दूरस्थ बीए उर्दूतून देतं. तिथे अर्ज करण्याआधी त्या सत्राची विषयांची यादी पाहून घ्यावी. याशिवाय खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्या आहेत, त्यांचा तीन वर्षांचा खर्च अनेकदा लाखाच्या पुढे जातो.

खासगी पदवीच्या जाहिरातीत "सोपे हप्ते" असं लिहिलेलं असतं. हे हप्ते बहुतेक वेळा विद्यापीठाचे नसतात, फायनान्स कंपनीचं कर्ज असतं आणि ते पालकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या नावावर चढतं. मधेच शिक्षण सोडलं तरी हप्ता सुटत नाही. व्याजाच्या कर्जापासून लांब राहणाऱ्या घरांनी तर सही करण्याआधी कागद नीट वाचावा. कमी फीची सरकारी मुक्त विद्यापीठं असताना अर्थशास्त्राच्या पहिल्या पदवीसाठी कर्ज काढायची गरज आम्हाला दिसत नाही.

फसवणूक कुठे होते

एजंट सांगतो, "अटेंडन्स नाही, परीक्षेचं टेन्शन नाही, मागच्या सालापासून ॲडमिशन दाखवून देतो." असं वाक्य ऐकलं की उठून घरी यावं. यूजीसीच्या नियमात फ्रँचायझीला जागाच नाही. विद्यापीठाने प्रवेश स्वतः द्यायचा असतो, कोपऱ्यावरच्या 'सेंटर'ने नाही. मागच्या तारखेचा प्रवेश म्हणजे सरळसरळ बनावट कागद. नोकरीत पडताळणी झाली की तो उघडा पडतो आणि नोकरीसोबत अब्रूही जाते.

नावाला भुलू नये, हेही सांगायला हवं. यूजीसी दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीत महाराष्ट्रातून वर्षानुवर्षे 'राजा अरेबिक युनिव्हर्सिटी, नागपूर' हे नाव झळकत आलं आहे. नाव आपल्या ओळखीचं वाटलं, भाषा आपली वाटली, म्हणून पदवी खरी होत नाही.

तपासणी अवघड नाही. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि सत्र या तिन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत. विद्यापीठ मान्य आहे पण तो अभ्यासक्रम त्या सत्रासाठी मान्य नाही, असंही होऊ शकतं. २०२४ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला डीईबी आयडी काढावा लागतो आणि त्याआधी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी. हे दोन्ही विद्यार्थ्याने स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या आधारवर काढायचे असतात. ओटीपी एजंटच्या हातात देऊ नका. प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. त्यामुळे "आज शेवटची तारीख आहे, आत्ताच पैसे भरा" या घाईला बळी पडायचं कारण नाही.

अर्थशास्त्रच का

अर्थशास्त्र म्हणजे बाजारभावाचा आणि बजेटचा विषय एवढीच आपली समजूत असते. वऱ्हाडात राहणाऱ्या माणसाला तरी तसं वाटायला नको. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्वारीची जमीन कापसाखाली गेली, रेल्वे आली, खामगाव-अमरावतीच्या बाजारपेठा वाढल्या. पुढे त्याच शतकाच्या शेवटी दुष्काळ पडले तेव्हा कापूस पिकवणाऱ्या याच मुलखात माणसं अन्नावाचून मेली. हजारो कोसांवरच्या युद्धाने आपल्या शेतातलं पीक कसं बदललं, हे समजून घ्यायचं तर अर्थशास्त्र लागतं.

हे फक्त जुन्या काळाचं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं. त्याच महिन्यात केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. कापड गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा हा हेतू. पण ऐन हंगामात बाहेरचा कापूस बिनशुल्क येणार म्हटल्यावर अकोटच्या शेतकऱ्याने काय करायचं? त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता. तो भाव हातात पडायचा तर कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर नोंदणी, ओलावा, रांग हे सगळं आलं. जिनिंगवरचा मजूर, रुईगाठींचा व्यापारी, माल वाहणारा ट्रकवाला, कापूस वेचणाऱ्या बाया, यांच्यात आपल्या समाजातलेही अनेक आहेत. निर्णय दिल्लीत झाला, झळ कुणाला बसली? हा हिशोब मांडता येणारी पोरं आपल्या घरांत हवीत.

दुसरं कारण आपल्या स्वतःच्या मोजदादीचं. मुस्लिम समाजाच्या स्थितीवर आज जी काही ठोस चर्चा होते ती २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालावर उभी आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर अध्यक्ष होते, आणि समितीचे सदस्य-सचिव होते अर्थशास्त्रज्ञ डॉ. अबुसालेह शरीफ. साक्षरतेत देश ६५.१ टक्क्यांवर आणि मुस्लिम ५९.१ टक्क्यांवर, असं आकड्याने दाखवलं म्हणून ते नाकारता आलं नाही. सच्चरनंतर काय बदललं हे तपासायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष अमिताभ कुंडू हेही अर्थशास्त्रज्ञच. तक्रार करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ती तक्रार आकड्यांत मांडून दाखवणारे कमी आहेत.

नोकरीचं म्हणाल तर वाटा आहेत. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा यूपीएससी घेते, त्याला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते आणि वय २१ ते ३०. रिझर्व्ह बँकेत अर्थशास्त्राच्या जागांची वेगळी भरती होते. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्याची कार्यालयं जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी तेच तयार करतं. एमए आणि बीएड करून ज्युनिअर कॉलेजात शिकवता येतं. एमपीएससीच्या सामान्य अध्ययनात अर्थव्यवस्था आहेच.

गणित आणि भाषा

जाहिरातीत न सांगितली जाणारी एक गोष्ट इथे सांगायला हवी. अर्थशास्त्र वरच्या पातळीवर गणिताशिवाय होत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीचं गणित लागतं. आयआयटीतून एमएस्सी अर्थशास्त्र करण्यासाठी 'जॅम' परीक्षा आहे, त्यातही गणित आणि सांख्यिकी आहे. आपल्याकडे दहावीनंतर आर्ट्सला जाणारी मुलं, त्यातही मुली, गणित सोडून मोकळ्या होतात. बीए त्यांचं होईल, पण पुढे चांगल्या संस्थेत एमए करायचं म्हटलं की दार बंद दिसतं. उपाय आहे: पहिल्या वर्षापासूनच रोज थोडं गणित. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं मोफत मिळतात. केंद्र सरकारच्या 'स्वयम' या मंचावर २०१७ पासून गणित, सांख्यिकी आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक्रम मोफत आहेत, फक्त परीक्षेची फी पडते. विद्यापीठाने मान्य केलं तर स्वयमचे क्रेडिट पदवीतही जमा होतात.

दुसरी अडचण भाषेची. आपली मुलगी शाळेत उर्दूतून शिकली, बाजारात मराठी बोलते आणि पुस्तक इंग्रजीत येतं. शाळेत शिकलेलं 'तलब आणि रसद' म्हणजेच मराठीतली मागणी आणि पुरवठा, आणि इंग्रजीत डिमांड-सप्लाय. 'इफरात-ए-जर' म्हणजे चलनवाढ, म्हणजेच इन्फ्लेशन. विषय तिला येत असतो, शब्द अडवतो. एका वहीत तीन रकाने करावेत, तिन्ही भाषांतला शब्द शेजारी शेजारी लिहावा. तीन महिन्यांत भीती निघून जाते. एनसीईआरटीची अर्थशास्त्राची पुस्तकं उर्दू, हिंदी, इंग्रजी तिन्हींत मोफत आहेत, ती सोबत ठेवावीत.

ऑनलाइन अर्थशास्त्र कुठवर नेऊ शकतं याचं उदाहरण अमेरिकेतल्या एमआयटीचं आहे. २०१९ चं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो जिथे शिकवतात, त्या विभागाने विकास-अर्थशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. व्याख्यानं मोफत, आणि प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी उत्पन्नाप्रमाणे कमी-जास्त. त्यात चांगले गुण मिळवलेल्यांना तिथल्या मास्टर्ससाठी अर्ज करता येतो. तिथे पत्ता पाहत नाहीत, परीक्षा पाहतात. आणि त्या परीक्षेत गणित असतं.

चार तासांचा हिशोब

आता मूळ मुद्दा. तीन वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. मुक्त शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरला जातो. म्हणजे ३,६०० तास. वर्षाला १,२००. आजारपण, लग्नकार्य, ईद, परीक्षेनंतरची सुट्टी वगळून वर्षात ३०० दिवस अभ्यास होतो असं धरलं तरी रोजचे चार तास होतात.

आपल्या घरात कॉलेजला जाणाऱ्या मुलाला हे तास आपोआप मिळतात. तो बाहेर असतो, त्याला कुणी हाक मारत नाही. ऑनलाइन शिकणारी मुलगी घरात असते. आणि घरात असणं म्हणजे मोकळी असणं, असं सगळे गृहीत धरतात. "घरीच तं हाये ना, अभ्यास काय कवाही होते." मग पाहुणे आले की चहा तिने करायचा. भावजय माहेरी गेली की स्वयंपाक तिच्याकडे. लहान भावंडांची शिकवणी तिच्याकडे. व्याख्यान सुरू असताना मोबाइल अब्बूंना हवा असतो. दुकानावर बसणाऱ्या मुलाचंही तेच. गिऱ्हाईक नसताना वाच म्हणतात, पण मन गल्ल्याकडे आणि रस्त्याकडे असतं.

हा आमचा अंदाज नाही, मोजलेली गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषांची ८८ मिनिटं, असं आढळलं. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांपेक्षा जास्त. पदवीला लागणारे चार तास कुठे गेले, याचा शोध दूर घ्यायला नको. आणि हे फक्त मुस्लिम घरांचं नाही, सगळ्या देशाचं आहे. पण आपल्याकडे मुलीला घरूनच शिकवायचं ठरवणारी घरं पुष्कळ असल्यामुळे त्याचा फटका आपल्याला जास्त बसतो.

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी 'संधी खर्च' शिकवतात. एक गोष्ट केली की दुसरी सोडावी लागते, ती सोडलेली गोष्ट म्हणजे खरी किंमत. मुक्त विद्यापीठाची फी स्वस्त आहे, हे खरं. पण या पदवीची खरी किंमत फीत नाही, त्या चार तासांत आहे. ती किंमत चुकवायची तयारी नसेल, तर फी भरून उपयोग नाही.

केवळ नेट आलं म्हणून समाज शिकत नाही, हे आकडेही सांगतात. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात मुस्लिम विद्यार्थी २१ लाख होते. २०२०-२१ मध्ये, म्हणजे सगळं शिक्षण ऑनलाइन गेलं त्याच वर्षी, ते १९.२ लाखांवर आले. कारणं अनेक होती, रोजगार गेला, आजारपण आलं. पण मोबाइलवर वर्ग आले म्हणून आपली पोरं वर्गात टिकली, असं झालं नाही. २०२१-२२ मध्ये आकडा पुन्हा २१ लाखांवर गेला, त्यात जवळपास निम्म्या मुली. देशातल्या एकूण ४.३३ कोटी विद्यार्थ्यांत हे प्रमाण शंभरात पाचसुद्धा नाही, आणि २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १४.२ टक्के. यात निम्म्या मुली असणं ही या समाजाची मोठी कमाई आहे. ऑनलाइनच्या नावाखाली ती कमाई आपणच घालवू नये.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गावात किंवा रोज ये-जा करण्याच्या अंतरावर चांगलं कॉलेज असेल आणि मुलीला जायचं असेल, तर तिला कॉलेजलाच पाठवावं. अमरावतीत १९२३ पासूनची शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था आहे, अकोल्यात जुनी महाविद्यालयं आहेत, पाचही जिल्ह्यांत संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजं आहेत. ग्रंथालय, मैत्रिणी, प्राध्यापकाला समोरासमोर विचारलेला प्रश्न, हे मोबाइल देत नाही. ऑनलाइन पदवी ज्याला कॉलेज शक्यच नाही त्याच्यासाठी आहे: कमावता मुलगा, लग्न झालेली मुलगी, लहान मूल असलेली आई, शिक्षण सुटलेली बाजी. मुलीला कॉलेजला न पाठवण्याचं सभ्य निमित्त म्हणून ती वापरली जाऊ नये.

नेट बंद झालं तर

या भागात ऑनलाइन शिक्षणाला आणखी एक धोका आहे, तो इतर ठिकाणच्या लोकांच्या लक्षात येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झालं. मे २०२३ मध्ये अकोल्यात हिंसाचारानंतर जमावबंदी लागली, तिथेही नेट बंद झालं. दगड मारणारा कुणी असो, पण वर्ग बुडाला तो सगळ्याच पोरांचा.

न्यायालयांनी यावर बोलून ठेवलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने फहीमा शिरीन या बीएच्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. होस्टेलने मुलींच्या मोबाइलवर घातलेल्या बंधनाविरुद्ध ती कोर्टात गेली होती. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलं की नेट बेमुदत बंद ठेवता येत नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतात. जिल्हा प्रशासनाकडे समाजाच्या प्रतिनिधींनी शांततेच्या काळातच एक मागणी ठेवावी: नेटबंदी करावीच लागली तर परीक्षा आणि स्वाध्यायाच्या तारखा विद्यापीठांना कळवून मुदत वाढवून घ्यावी. आणि मुलांनी आपल्या बाजूने दर आठवड्याची व्याख्यानं व पुस्तकं आधीच उतरवून ठेवावीत. मुक्त विद्यापीठाची छापील पुस्तकं या दिवसांत फार कामाला येतात.

मोहल्ला काय करू शकतो

फार मोठ्या योजनेची गरज नाही. आपल्या प्रत्येक मोठ्या मोहल्ल्यात एखादी उर्दू शाळा, शादीखाना किंवा जमातीची खोली दुपारी रिकामी असते. तिथे रोज दुपारी दोन ते सहा मुलींसाठी आणि रात्री इशानंतर कमावत्या मुलांसाठी अभ्यासिका सुरू करता येईल. दहा खुर्च्या, वायफाय, इन्व्हर्टर, एक फळा. मुलगी चार तास घराबाहेर असली की तिला कुणी चहाला हाक मारत नाही, एवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटतो. पाच जणी एकाच अभ्यासक्रमाला असतील तर एकमेकींना शिकवतात. आठवड्यातून एकदा एखाद्या निवृत्त शिक्षकाने किंवा बँकेतल्या माणसाने तासभर गणित घेतलं तर सोन्याहून पिवळं.

रमजानमध्ये आपल्या समाजात जकात आणि सदक्याचा पैसा मोठ्या प्रमाणात निघतो. गरजू विद्यार्थ्याची फी आणि परीक्षेचा प्रवासखर्च त्यातून निघावा यासाठी मशिदीच्या कमिट्यांनी उलेमांशी बोलून यादी तयार करावी. पैसा एजंटला न देता थेट विद्यापीठाच्या खात्यात भरावा आणि दर सत्राला निकाल पाहूनच पुढची फी द्यावी.

आणि घरांसाठी एवढंच: प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा एकत्र बसावं. रोजचे चार तास कोणते, ते मुलीला किंवा मुलाला विचारून ठरवावं. त्या वेळात मोबाइल त्यांचाच, दार बंद, कामाची हाक नाही. त्या चार तासांतली भाकरी, भांडी, गल्ला कोण सांभाळणार, त्याची नावं ठरवावीत. त्यात भावाचं आणि अब्बूंचंही नाव असावं. मग फी भरावी. हे ठरत नसेल तर या सत्रात थांबा आणि पुढच्या सत्राला भरा. जानेवारीत प्रवेश पुन्हा सुरू होतात.